आयुधपूजेतली परवानगी

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी पुन्हा अल्पवयीन झालो. यात कुणाची जबरदस्ती नव्हती. सगळ्या अटी मान्य आहेत असं मीच, चष्मा लावून, स्वतःच्या अंगठ्यानं कबूल केलं होतं. (अटी वाचल्या नव्हत्या. त्या कोण वाचतं?)

त्याचं असं झालं. मुलांना मोबाईलवर नको ते दिसतं, नको ती माणसं भेटतात, यावर सरकारनं कंबर कसली होती. दिल्लीत नियम निघत होते, बेंगळुरूत बंदीची भाषा चालली होती, आणि आमच्या म्हैसुरात शाळाशाळांतून पालकांच्या सभा भरत होत्या. माझी मुलगी चिन्मयी आठवीत. तिच्या शाळेतली सभा मुलांच्या बाकांवर भरली. त्या बाकात माझे गुडघे काही मावेनात, म्हणून पाय मोकळे करायला मी जरा उभा राहिलो. नेमकं तेव्हाच बालसंरक्षण खात्याच्या मॅडमनी विचारलं होतं, "पालक प्रतिनिधी कोण होणार?"

"थँक्यू सर!" मॅडम म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

मला टाळ्यांचं वावडं नाही. उलट टाळ्या पडल्या की माझ्या तोंडाला ब्रेक राहत नाही. "मॅडम, मुलांवर पहारा ठेवणारं तुम्ही सांगितलेलं ते ॲप आधी मी माझ्या घरात बसवतो, मग लोकांना सांगतो!" मी ठणकावलं. आणखी टाळ्या पडल्या. मॅडमनी लगेच जाहीर करून टाकलं की दसऱ्याच्या प्रदर्शनात, खात्याच्या मंडपात, मी लोकांना ॲपचं प्रात्यक्षिक दाखवणार आणि मागोमाग मुलं त्याच विषयावर नाटक करणार.

घरी येऊन मी ही बातमी दिली. माझी बायको शैला सांगलीची. तिनं कणीक मळता मळता एवढंच विचारलं, "अहो, गीझर बसवायचा राहिलाय तो?"

चिन्मयी मात्र उसळली. "म्हणजे फक्त माझ्यावरच वॉच? तुम्ही तर जेवताना पण मोबाईल बघता, अप्पा!"

"तुझं म्हणणं विचार करून सांगतो," मी म्हणालो.

"विचार करून सांगतो म्हणजे नाहीच ना? मला गोत्ताय तुमचं!"

तिला 'गोत्त' होतं, म्हणजे माहीत होतं, हे खरंच. शाळेची सहल, नवा मोबाईल, मैत्रिणीकडे राहायला जाणं, या सगळ्यांवर मी गेली काही वर्षं विचारच करत होतो.

पलंगावर बसून घेवडा सोलणारी माझी आई, म्हणजे अम्मा, मध्ये पडली. "पोरगी करेक्ट बोलते की रे, मोहना. बसवायचं तर सगळ्यांना बसव. एकटीला कशाला? पापा!" (हे 'पापा' कन्नडमधलं. त्याचा अर्थ 'बिचारी' किंवा 'बिचारा'. आमच्या घरातल्या मराठीत कन्नड किती आणि मराठी किती, हे शैलाला लग्नानंतर इतक्या वर्षांनीही नीट मोजता आलेलं नाही.)

न्याय म्हणजे न्याय. मी सगळ्यांचे मोबाईल गोळा केले आणि कामाला लागलो. ॲपनं पहिलाच प्रश्न विचारला: घरातले पालक कोण?

माझं बोट अडलं. दुसऱ्या कुणाचं अडलं नसतं, पण आमच्या घराण्याची एक रीत आहे. आमचे पूर्वज घोड्यावर बसून, तलवार घेऊन म्हैसूरच्या फौजेत आले. घोडं गेलं, फौज गेली, पण घरात जे काही येईल ते थोरल्या माणसाच्या नावावर, ही शिस्त राहिली. गॅस अम्माच्या नावावर. टीव्ही अम्माच्या नावावर. माझी स्कूटरसुद्धा अम्माच्या नावावर, आणि अम्मा आजवर सायकलवरही बसलेली नाही! ती समोर पलंगावर ढळढळीत बसलेली असताना 'घराचा पालक' म्हणून स्वतःचं नाव घालायचं? मला ते लिहवेना. मी 'अम्मा' असं लिहिलं, तिच्या अंगठ्याचा ठसा घेतला आणि पुढे गेलो.

दुसरा प्रश्न होता: सर्वांत लहान सदस्याचं वय? चिन्मयी तेराची. पण कुठल्या बापाला लेक तेराची वाटते? मी 'बारापर्यंत' वर टिचकी मारली.

ॲपनं रंगीबेरंगी फुगे सोडले आणि अभिनंदन केलं. तुमच्या कुटुंबात एक पालक आणि बारा वर्षांपर्यंतची तीन मुले आहेत!

शैलानं माझ्या खांद्यावरून वाचलं. "म्हणजे आता तुम्ही आणि मी भाऊबहीण?"

"तांत्रिक बाब आहे. उद्या दुरुस्त करतो," मी म्हणालो.

उद्या कळलं की दुरुस्तीलाही पालकांची परवानगी लागते, आणि पालक चौडेश्वरीच्या देवळात भजनाला गेले आहेत.

मी बेळगोळच्या एका कारखान्यात खरेदी विभाग सांभाळतो. लोखंडी भागांवर मुलामा चढवायचा आमचा धंदा. त्याला ॲसिड लागतं, आणि ॲसिडचे भाव मी रोज मोबाईलवर बघतो. त्या दिवशी बघायला गेलो तर पडद्यावर एक गोंडस अस्वल उगवलं आणि त्यानं बोट हलवलं. हा मजकूर तुमच्यासाठी योग्य नाही, तुमच्या पालकांना विचारा! खाली 'विचारा' असं बटण होतं. दाबलं. लगेच अम्माचा फोन.

"मोहना, तुला ॲसिड बघायचंय म्हणून आलंय इथं. अय्यो, कशाला रे ॲसिड? भांडण झालं काय कुणाशी?"

"अम्मा, ऑफिसचं काम आहे. तू फक्त 'हो' दाब."

"शैलाला विचारून दाबते."

"शैलाला कशाला विचारतेस? आणि तिला काय कळतंय ॲसिडमधलं?"

"मग तुला काय कळतंय? बारावीत केमिस्ट्रीत किती होते तुला?"

शेजारच्या टेबलावरचा हिशेबनीस टाचण्या गोळा करण्याच्या निमित्तानं खाली वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही.

हे रोजचं झालं. बातम्यांत खून असेल तर अस्वल. शेअर बाजार उघडला तर जुगार म्हणून अस्वल. दाढीची ब्लेड मागवायला गेलो तरी अस्वल! शैलाला मात्र सगळी मोकळीक होती, कारण सासूबाईंना तीच गरम गरम फिल्टर कॉफी द्यायची. आणि चिन्मयी? जिच्यासाठी सरकारपासून माझ्यापर्यंत सगळे राबत होते, ती अज्जीच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची, परवानगीची विनंती पाठवायची आणि अज्जीचा अंगठा उचलून स्वतःच टेकवायची. थोडक्यात, हानिकारक मजकुरापासून आमच्या घरात एकच बालक सुरक्षित होतं. ते रोज सकाळी डबा घेऊन बेळगोळला जात होतं.

चार दिवस दम काढ, प्रदर्शन झालं की काढून टाकू, असं मी मनाशी ठरवलं. अम्माला मात्र हे भलतंच आवडलं होतं. परवानगी देताना ती चार गोष्टी बोलायची. जेवलास का, बसला गर्दी होती का, त्या तुझ्या साहेबाचा खोकला गेला का. एकदा दुपारी फोनवर म्हणाली, "नोकरीला लागल्यापासून तू मला काही विचारलंच नाहीस बघ. आता रोज विचारतोस." मी 'ठेवतो, काम आहे' असं म्हणून फोन ठेवला. मग उगाच गलबलून आलं. हिशेबनीस बघत होता, म्हणून मी पुन्हा ॲसिडकडे वळलो. म्हणजे अस्वलाकडे.

प्रदर्शनातला कार्यक्रम नेमका आयुधपूजेच्या संध्याकाळी ठरला. त्या दिवशी म्हैसुरात माणूस ज्या वस्तूवर पोट भरतो ती धुऊनपुसून देवापुढे ठेवतो. आमच्या घरी मान पूर्वजांच्या तलवारीचा. तिच्या शेजारी शैलाचं शिलाई मशीन, माझी पक्कड-पाने आणि दारात फुलांच्या माळा ल्यालेली स्कूटर. एकदा वस्तू पूजेत बसली की दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, उत्तरपूजा झाल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. स्कूटरला तेवढी सूट, तिला चाकांखाली ठेवलेल्या लिंबांवरून चालवत न्यावं लागतं. बाकी नियम कडक. लहानपणी मी पूजेतली कंपासपेटी उचलली होती, तर अम्मानं मला दिवसभर तलवारीची माफी मागायला लावली होती.

सकाळी सगळं मांडून झालं. मी उदबत्ती ओवाळायला घेतली, तोच अम्मानं पदराआडून स्वतःचा मोबाईल काढला आणि तलवारीच्या मुठीशी ठेवला.

"हे काय?" मी विचारलं.

"ह्या वर्षी माझं आयुध हे. घर ह्याच्यावर चालतंय, अल्वा? हो की नाही?"

सगळे हसले. मी तर कौतुकानं पुढे झालो, मोबाईलला गंध लावलं, हळद लावली, कुंकवाचं बोट ओढलं, वर शेवंतीचं फूल ठेवलं. हे सगळं मी केलं. माझ्या हातांनी! त्या क्षणी माझ्या डोक्यात अस्वल का आलं नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

संध्याकाळी देवापुढच्या दिव्याला सोबत म्हणून अम्मा घरी राहिली आणि आम्ही तिघं प्रदर्शनाला गेलो. राजवाड्याचे दिवे लागले होते, रस्त्यात स्कूटर पुढे सरकत नव्हती, आणि मंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती. (निम्मे लोक शेजारच्या मिरची भजीच्या गाडीमुळे आले होते, पण मॅडमना ते सांगायची गरज नव्हती.) चिन्मयी आणि तिच्या मैत्रिणी काळे कपडे घालून कडेला उभ्या होत्या. महिनाभर त्यांनी तालीम केली होती. नाटक कन्नडमध्ये, नाव 'बेदरिके', म्हणजे धमकी. मोबाईलवर एका मुलीला अनोळखी माणूस धमकावतो आणि ती घरच्यांना सांगायचं धाडस करते, अशी गोष्ट. अनोळखी माणसाचा आवाज, मुलींनी गायलेली गाणी आणि संगीत आधीच ध्वनिमुद्रित केलेलं होतं. ते ज्यांनी केलं ते शाळेचे संगीत मास्तर बेट्टदपूरला, आपल्या गावी, सणाला गेले होते. जाताना त्यांनी त्याची लिंक मला पाठवून ठेवली होती. लिंक फक्त माझ्या खात्यावर उघडायची. तसा हट्टही माझाच होता. "मास्तर, मुलांचे आवाज असे सगळ्यांना उघडे ठेवायचे नसतात," असं मी त्यांना पाऊण तास समजावलं होतं.

आधी माझं भाषण झालं. चांगलं झालं. मग "आता मुलं आपली कला सादर करतील," असं म्हणून मी माझा मोबाईल मोठ्या पडद्याला आणि लाऊडस्पीकरला जोडला आणि ऐटीत लिंक उघडली.

वीस फुटी अस्वल उगवलं! त्यानं अख्ख्या मंडपाला बोट दाखवलं. धमकीचा मजकूर आढळला आहे. तुमच्या पालकांना विचारा!

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅडम पुढे झाल्या. "सर, हे प्रात्यक्षिक का?"

"हो. म्हणजे, साधारण."

"मग आता पालकांनी परवानगी द्यायची. पालक म्हणजे तुम्हीच ना?"

शैलानं पहिल्या रांगेतून शांतपणे सांगितलं, "नाही मॅडम. हे बालक आहेत."

मॅडमच्या मोबाईलवर माझं खातं उघडून पाहिलं. अस्वल तिथेही पोहोचलं. मास्तरांना फोन लावला. ते डोंगरावरच्या देवळात असावेत, कारण रेंजच नव्हती. तिकडे चिन्मयीचा चेहरा उतरत चालला होता. "अप्पा, पुढच्या शाळेचा डान्स आहे. आमचा टाईम गेला तर गेला," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला पहिल्यांदाच या सगळ्याचा खरा राग आला. नेमका कुणाचा, ते काही ठरवता येईना. म्हणजे ठरवता येत होतं, पण तो माणूस मीच होतो.

अम्माला फोन लावण्यात अर्थ नव्हता. तिचा फोन कुंकू लावून तलवारीशेजारी बसला होता. मी शेजारच्या जयम्मांना फोन लावला. त्या बिचाऱ्या धावत आमच्या घरी गेल्या आणि त्यांनी आपला फोन अम्माच्या कानाला लावला.

"मोहना?" अम्माचा आवाज लाऊडस्पीकरमधून थेट मिरची भजीच्या गाडीपर्यंत गेला. वायर काढायचं मी विसरलो होतो. "काय रे? पुन्हा ॲसिड?"

अख्खा मंडप हसला. मॅडमनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं.

"अम्मा, तुझा मोबाईल उचल आणि 'हो' दाब. लवकर!"

"पूजेतला? वेड लागलं काय? आयुध उचलायचं नसतं उद्यापर्यंत. कंपासपेटी विसरलास?"

"अम्मा, इथं सगळे ऐकतायत!"

"ऐकू दे की! चोरी केली काय मी?" आणि सगळ्यांना कळावं म्हणून तिनं कंपासपेटीची गोष्ट कन्नडमध्ये, पहिल्यापासून, तपशीलवार सांगितली. त्यात मी चड्डीत होतो आणि रडत होतो, हेही आलं. पहिल्या रांगेतल्या आज्यांनी माना डोलावल्या. एकीनं तर मोठ्यानं सांगितलं की अम्माचंच बरोबर आहे, पूजेतलं आयुध उचलू नये. माझ्या बाजूनं मंडपात कुणीच नव्हतं.

तेवढ्यात चिन्मयीनं माझ्या हातातून मोबाईल घेतला.

"अज्जी, मी चिन्मयी. त्याच्यात आमचं नाटक आहे. तू 'हो' नाही दाबलंस तर आमचं नाटक होणार नाही. एक महिना प्रॅक्टिस केली ना आम्ही?"

पलीकडून जयम्मांची धाप ऐकू आली.

"कुणाविरुद्ध आहे ग नाटक?" अम्मानं विचारलं.

"मुलांना मोबाईलवर घाबरवणाऱ्या लोकांविरुद्ध."

"म्हणजे युद्धच की! युद्ध आलं तर आयुध उचलायला चालतं. तुझ्या पणजोबांचे पणजोबा काय उद्यापर्यंत थांबले असते? स्वल्प थांब हं, बाळा." मग ती तलवारीशी बोलल्याचं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. माफ कर म्हणाली, पोरीचं काम आहे म्हणाली. मग: "दाबते आहे, दाबते आहे. हे घेत नाही अंगठा!"

"कुंकू पूस, अम्मा! हळद पण पूस!"

"लावलंस किती हे! कोण लावायला सांगितलं होतं तुला एवढं?"

आणि अस्वल हसलं, त्यानं टाळ्या वाजवल्या, आणि ते गेलं. मंडपानं जो गजर केला तो मी जन्मात माझ्या भाषणाला ऐकलेला नाही. लाऊडस्पीकरमधून अनोळखी माणसाचा घोगरा आवाज आला, मुली पुढे सरसावल्या, आणि नाटक झालं. फार छान झालं. शेवटी ती मुलगी आपल्या आजीला सगळं सांगते. मूळ नाटकात ती वडिलांना सांगत होती. चिन्मयीनं ते आयत्या वेळी बदललं.

मॅडमनी समारोपात सांगितलं की मुलांनी काही बघण्याआधी मोठ्यांना विचारावं आणि मोठ्यांनी ऐकून घेऊन निर्णय द्यावा, एवढंच सरकारचं म्हणणं आहे, आणि याचा इतका जिवंत नमुना त्यांनी आजवर पाहिला नव्हता. मग त्यांनी शाल काढली. मी मान थोडी पुढे केली. "ही घरी अम्मांना द्या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली. अम्मा शाल पांघरून, मोबाईल हातात घेऊन पलंगावर बसली होती. मी तिच्यापाशी जाऊन बसलो. म्हटलं, अम्मा, कार्यक्रम झाला, आता हे ॲप काढायचं का? त्यालाही तुझी परवानगी लागते. वर हेही सांगितलं की ॲपच्या हिशेबानं मी बारा वर्षांचा आहे. सज्ञान होईन तेव्हा पंचावन्नचा असेन, मग नोकरीची थोडीच वर्षं राहतील.

अम्मानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या कपाळावर पूजेचा अंगारा लावला. उरलेलं बोट माझ्याच शर्टाला पुसलं.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

मी खुशीत बाहेर आलो. चिन्मयी दारात स्कूटरच्या माळा सोडत होती. तिला मी सांगितलं की अज्जी विचार करते आहे. तिनं माळ खाली ठेवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"अय्यो, पापा," ती म्हणाली.